देवाला थांबता येतं

॥ श्री गुरवे नमः ॥



दर अंकाला एका कुटुंबाने आपला अनुभव लिहायचा ही आपली पद्धत. या वेळी पाळी आमची. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस मुंबईला जाऊन आलो होतो, म्हणून मुंबईचं वर्णनच लिहावं असं आधी घरात ठरलं. राणीच्या बागेतले पेंग्विन, मरीन ड्राइव्ह, बांद्र्याची रोषणाई. पण लिहायला बसलो आणि पेन एकाच ठिकाणी अडकलं. गुरुवार २५ डिसेंबर, संध्याकाळचे पावणेसहा. त्या दहा मिनिटांबद्दलच लिहितो. त्यात आमची चूक आहे, आणि त्यातून जो प्रश्न पडला तो तुम्हा सर्वांपुढे ठेवायचा आहे.

प्रश्न असा. नियम आणि माणूस एकाच वेळी समोर आले तर आधी कुणाकडे बघायचं?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय, माणसाकडेच. घरात सोफ्यावर बसून आम्हीही हेच म्हटलं असतं. म्हणूनच जे झालं ते जसं झालं तसं सांगतो.

आम्ही पाच जण. आम्ही दोघं, आजी, आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. २३ तारखेला अवंतिका एक्सप्रेसने निघालो, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई सेंट्रल. उतरलो गिरगावात, मुलांच्या आत्याकडे. निघण्याआधी घरात एक चर्चा झाली होती, कारण या वर्षी नाताळ नेमका गुरुवारी आला होता. आपल्या परिवारात गुरुवारची उपासना कुणी चुकवत नाही. जो जिथे असेल तिथे बरोबर सातला दिवा, अर्धा तास नामस्मरण, आरती, आणि मग ग्रुपवर हजेरीचा फोटो. आमच्या घरी तर आजी दवाखान्यात होत्या तेव्हाही खाटेशेजारी बसून उपासना झालेली आहे. तेव्हा असं ठरलं की फिरायचं खुशाल, पण गुरुवारी सातच्या आत आत्याच्या घरी. महाराजांची छोटी तसबीर, निरांजन, वाती, सगळं एका पिशवीत भरून घेतलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. बुधवारी सकाळी गाडीत आमचं रोजचं स्तोत्र राहिलं. एकीकडे सामान आवरायचं, दुसरीकडे मुलांचे डबे उघडलेले. ‘प्रवासात चालतं,’ म्हणालो. बुधवारी रात्री मरीन ड्राइव्हवरून परतायला साडेअकरा झाले. जपाची माळ पिशवीतच राहिली. ‘मुलं दमलीत, उद्या दुप्पट करू,’ म्हणालो. कुणाच्याही मनाला काही लागलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

बुधवारी दुपारी फोर्टात फिरलो. चर्चगेट हे नाव स्टेशनचं म्हणून आपण घेतो, पण पूर्वी मुंबईच्या किल्ल्याला जे दरवाजे होते त्यातला एक सेंट थॉमस चर्चकडे जायचा, त्यावरून ते पडलं. ते चर्च आजही फोर्टात उभं आहे. त्याची गोष्ट मुलांना फार आवडली. १६७६ मध्ये इंग्रजांनी बांधकाम काढलं, भिंती थोड्या वर आल्या आणि काम बंद पडलं. कित्येक वर्षं त्या अर्धवट भिंती तशाच उघड्यावर होत्या. मग एका पाद्र्याने पुन्हा मनावर घेतलं, वर्गणी जमवली, आणि १७१८ साली नाताळच्याच दिवशी ते प्रार्थनेसाठी उघडलं. मुलगा म्हणाला, “म्हणजे देव बेचाळीस वर्षं छपराची वाट बघत होता!” आम्ही सगळे हसलो.

गुरुवारी सकाळी आत्याच्या शेजाऱ्यांकडून फराळाचं ताट आलं. गिरगावातच खोताची वाडी आहे, जुन्या ख्रिस्ती घरांची. नाताळात तिथे दारोदार कागदी चांदण्या लटकतात. ताटात केक होता, कलकल होते आणि नेवऱ्या होत्या. नेवरी म्हणजे आपली करंजीच. आम्हाला गुरुवारचा उपास, म्हणून आत्याने सगळं डब्यात झाकून ठेवलं. आजी म्हणाल्या, “करंजी ओळखीची वाटते हो, नाव तेवढं वेगळं.”

दुपारी बांद्र्याला गेलो. चर्नी रोडहून लोकल, पुढे रिक्षा. आधी बँडस्टँड. तिथे एका नटाच्या बंगल्यासमोर ही गर्दी. मुलाला त्या फाटकासमोर फोटो हवा होता. समोर नेहमी कुणीतरी यायचं, कुणाचा तरी हात मध्ये यायचा. त्यात पाऊण तास गेला. मग टेकडीवरच्या माउंट मेरीला. कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. सध्याची इमारत १९०४ सालची, पण स्थान त्याहून पुष्कळ जुनं. सप्टेंबरात तिथे मोठी जत्रा भरते आणि सगळ्या जातीधर्मांचे लोक नवस फेडायला येतात. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला ठेवलेली. ज्याचं जे दुखतं ते तो मेणाचं घेऊन वाहतो. आजी बराच वेळ ते बघत होत्या. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्यातलाच प्रकार. मुलीने विचारलं, “इथे हात जोडायचे का?” आजींनी उत्तर दिलं नाही, जोडले.

रांग मोठी होती. बाहेर आलो तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि उजेड कमी व्हायला लागला होता. आमचं सगळं लक्ष घड्याळाकडे. रिक्षा मिळायची, स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची. सातला बसायचं तर लगेच निघायलाच हवं होतं.

पायऱ्यांच्या कडेला एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. लुगडं नेसलेल्या, गळ्यात बारीक साखळीत क्रॉस. आमचं बोलणं ऐकून त्यांनी हाक मारली, “मराठी आहात का तुम्ही? जरा थांबाल का माझ्याजवळ?” वसईच्या होत्या. नात मेणबत्त्या आणायला गेली ती गर्दीत दिसेनाशी झाली. फोन नातीच्या पर्समध्ये, नंबर पाठ नाही. घाबरल्या होत्या, पण रडत नव्हत्या. त्या पैसे मागत नव्हत्या, घरी पोचवा म्हणत नव्हत्या. फक्त थांबा म्हणत होत्या.

आमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? “अरे वा, तुम्ही किती छान मराठी बोलता!” आता आठवून लाज वाटते. इंदूरची मंडळी म्हणून मुंबईत आम्हाला हेच ऐकावं लागतं, ‘इंदूरला मराठी बोलतात?’ आणि आपल्याला राग येतो. फादर स्टीफन्सनी गोव्यात ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. २०२० मध्ये उस्मानाबादला जे मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ते वसईचेच. मराठी त्यांचीही आईकडून आलेली. पण गळ्यातला क्रॉस बघून आम्ही त्या बाईंना मनातल्या मनात ‘दुसरे’ करून टाकलं होतं, आणि दुसऱ्याचं काम दुसऱ्यावर सोपवणं सोपं जातं.

आम्ही एका स्वयंसेवकाला शोधलं, बाई दाखवल्या. तो म्हणाला, बघतो. परत येऊन बाईंना सांगितलं, “त्यांना सांगितलंय, ते येतील.” मुलगी म्हणाली, “मी थांबू का या आजींजवळ?” तिचा हात धरून म्हणालो, “वेडी का तू, सात वाजता काय आहे माहीत आहे ना?” बाईंनी ते ऐकलं असावं. म्हणाल्या, “जा बाळांनो, तुम्हाला गाडी असेल.” आणि त्यांनीच जा म्हटलं म्हणून आम्हाला बरं वाटलं.

सहा पंचावन्नला गिरगावात पोचलो. पाय धुतले, तसबीर मांडली, सातच्या ठोक्याला दिवा लावला. नामस्मरण झालं, आरती झाली. फोटो काढायच्या वेळी आजी उठून बाजूला झाल्या. “माझी हजेरी लावू नका आज,” म्हणाल्या.

“का? तुम्ही तर बसला होतात.”

“मी तिथे बसायला हवी होते. त्या माझ्याच वयाच्या होत्या. माझ्या तोंडून शब्द नाही फुटला.”

आजींशिवाय फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘मुंबईतही गुरुवार चुकला नाही, महाराजांची कृपा.’ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. रात्री ती बघत होतो आणि एकेक चिन्ह टोचत होतं.

त्याच रात्री आमच्या पुतणीशी फोनवर बोलणं झालं. ती मानसशास्त्र शिकते. तिने बायबलमधली एक गोष्ट आणि एक प्रयोग सांगितला. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली. एका माणसाला चोरांनी मारून रस्त्याकडेला टाकलेलं असतं. एक याजक येतो, बघतो, दुसऱ्या कडेने निघून जातो. एक लेवी, म्हणजे मंदिरातला सेवेकरी, तोही तसाच जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याला हे लोक परका मानत. ते दोघे का थांबले नाहीत, हे गोष्टीत सांगितलेलंच नाही. आम्हाला वाटलं, आम्हाला माहीत आहे. त्यांनाही कुठेतरी सातला पोचायचं असेल.

प्रयोग १९७३ साली छापून आलेला, अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचा. डार्ली आणि बॅट्सन या दोघांनी केलेला. ४० विद्यार्थी होते, धर्मशास्त्र शिकणारे. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक भाषण द्यायचं होतं, आणि काहींचा विषय हीच गोष्ट होती. वाटेत एक माणूस दारात वाकून, कण्हत बसवलेला. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना सांगितलं होतं की उशीर झालाय, पळा, त्यांच्यातले फक्त १० टक्के. मनात कुठला विषय घोळत होता याने फारसा फरक पडला नाही. फरक घाईने पडला.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. एकनाथांची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव. नाथांनी ते पाणी गाढवाच्या तोंडात ओतलं. गेल्या नाथषष्ठीला आमच्या मुलीनेच ही गोष्ट आपल्या सत्संगात सांगितली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नाथांचा कित्येक महिन्यांचा प्रवास आणि संकल्प पणाला लागला होता. आमचा फार तर एक तास. गोष्ट पाठ होती, पण पायरीवर ती आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी म्हणाल्या, बांद्र्याला जाऊन येऊ. परतीची गाडी संध्याकाळची होती. राणीच्या बागेत आधीच जाऊन आलो होतो, म्युझियम तेवढं राहिलं होतं, ते राहू दिलं. माउंट मेरीला आदल्या दिवसाची गर्दी नव्हती. त्या बाई अर्थातच नव्हत्या. जवळच्या दुकानात मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “वसईच्या मावशी ना? मीच माझ्या स्टुलावर बसवलं त्यांना. तासभर होत्या. मग आली नात रडत रडत.” आम्ही म्हणालो, तुमच्या धंद्याची ऐन वेळ होती. त्या म्हणाल्या, “मग? धंदा चालूच होता, त्या बसल्या होत्या.” आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

कालच्या दिवसात सगळ्यात मोठी उपासना कुणाची झाली, याचं उत्तर आम्हाला त्या स्टुलापाशी मिळालं. पण प्रश्न तिथे संपत नाही. एखादे गुरुबंधू म्हणतील, ‘बरोबर आहे, पण एकदा नियमाला सूट दिली की संपलं. आज म्हाताऱ्या बाईसाठी, उद्या पाहुण्यांसाठी, परवा क्रिकेटच्या मॅचसाठी.’ ही भीती खोटी नाही. बुधवारी आमचंच काय झालं? स्तोत्र गेलं, जप गेला, आणि कुणासाठी? कुणासाठीच नाही, आमच्या सोयीसाठी. गुरुवारी मात्र आम्ही नियम अगदी मिनिटावर पाळला. घरी आल्यावर या दोन दिवसांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की बुधवारी नियम मोडला तो आमच्या आरामासाठी आणि गुरुवारी पाळला तो आमच्या नावासाठी. दोन्ही वेळा मध्ये आम्हीच होतो. महाराज बुधवारीही नव्हते, गुरुवारीही नव्हते.

म्हणजे नियम मोठा की माणूस मोठा, हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. नियम आपल्याला कशासाठी दिला? आपण दिवसभर स्वतःभोवती फिरतो, त्यातून अर्धा तास तरी बाहेर यावं म्हणून. मग कुणी समोर येऊन ‘माझ्याजवळ थांबा’ म्हणतो, तेव्हा तो आपल्याला तेच करायला सांगत असतो. ज्याच्यासाठी इतके गुरुवार तालीम केली, ते काम समोर आलं, आणि आम्ही तालमीला उशीर होतोय म्हणून पळून आलो.

पुंडलिकाने साक्षात पांडुरंगाला विटेवर थांबवलं, कारण तो आईवडिलांचे पाय चेपत होता. आपण सगळे दर एकादशीला ही कथा आठवतो. देव रागावला नाही, अजून तिथेच उभा आहे. फोर्टातल्या चर्चमध्ये बेचाळीस वर्षांच्या गोष्टीवर आम्ही हसलो होतो, त्यातही तेच होतं. देवाला थांबता येतं. सात वाजताची उपासना नऊला केली असती तर महाराजांनी ती घेतली असती. काळोख पडत असताना पायरीवर बसलेल्या म्हातारीला मात्र नऊपर्यंत थांब म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट आजींनी परतीच्या गाडीत दाखवून दिली. चूक पावणेसहाला झाली असं आपण म्हणतो, पण ती दुपारीच होऊन गेली होती. नटाच्या फाटकासमोर आपण पाऊण तास घालवला. तो वेळ शिल्लक असता तर त्या पायरीवर आपण वेगळे वागलो असतो. प्रिन्स्टनची पोरं वाईट नव्हती, त्यांना उसंत नव्हती. म्हणून उसंत राखणं हासुद्धा धर्मच आहे. दिवस इतका गच्च भरायचा नाही की कुणी हाक मारली तर थांबायला जागाच उरणार नाही.

घरी आल्यावर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. कुणावर लादत नाही, फक्त सांगतो.

पहिली, गुरुवारी संध्याकाळी सातच्या आधीचा एक तास मोकळा ठेवायचा. काही आलं नाही तर नाम घ्यायचं. कुणी आलं तर त्याला तो तास द्यायचा.

दुसरी, माणसासाठी वेळ चुकलीच तर त्या रात्री झोपण्याआधी उपासना पूर्ण करायची, कितीही वाजोत. त्याची किंमत आपल्या झोपेतून द्यायची. सवलत घेण्याची हौस असेल तर ती यातच जिरते, आणि कारण खरं होतं की सबब होती तेही आपलं आपल्याला कळतं.

तिसरी, हजेरीचा फोटो आम्ही काही दिवस पाठवणार नाही. ग्रुपवर आमचं घर दिसलं नाही तर काळजी करू नये, दिवा लागतोच. फोटो पाठवणाऱ्यांना नावं ठेवत नाही. त्या फोटोंमुळे कितीतरी घरांत नियम टिकला आहे. पण आमच्या बाबतीत तो फोटो महाराजांच्या तसबिरीपेक्षा मोठा झाला होता.

त्या वसईच्या आजींचं नाव आम्ही विचारलं नव्हतं. आता दर गुरुवारी दिवा लावल्यावर आमची मुलगी एक मिनिट गप्प बसते. काय म्हणते ते सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. आजी मात्र त्या मिनिटात डोळे मिटून हात जोडतात. आणि २५ तारखेच्या पानावर, आमच्या वहीत, त्यांच्या हजेरीची जागा त्यांनी अजून रिकामीच ठेवायला सांगितली आहे.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल, तुम्ही थांबला असाल किंवा आमच्यासारखे निघून आला असाल, तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. थांबलेल्यांकडून आम्हाला शिकायचं आहे.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥

— इंदूरचे एक कुटुंब